स्टेडियम नंतर बांधा, आधी पनवेलचा क्लब कुठाय ते सांगा

खारघरला फुटबॉलचं आंतरराष्ट्रीय स्टेडियम होणार, सिडकोचं सेंटर ऑफ एक्सलन्स होणार, पनवेल परिसर फुटबॉलचं केंद्र होणार. गेली काही वर्षं या बातम्या आपण वाचतोय आणि व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतोय. माझा प्रश्न साधा आहे. तिथे खेळणार कोण?

म्हणजे संघ कुठला? कारण आयएसएलपासून आय-लीगच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत देशाच्या कुठल्याही यादीत पनवेल हे नाव नाही. २०११ च्या जनगणनेतच आजच्या महापालिका हद्दीत पाच लाखांवर माणसं होती. त्यानंतर खारघर, कामोठे, तळोजा किती फुगलंय ते रोज सकाळी सायन-पनवेल हायवेवर दिसतं. एवढ्या मोठ्या शहराचा स्वतःचा म्हणावा असा एक संघ नाही.

"स्टेडियम झालं की संघ येईल," असं मला एका मित्राने ऐकवलं. येईल ना! कुणीतरी मालक येईल, जर्सीवर नाव छापेल, दोन-चार वर्षं आपण पोरांना घेऊन मॅच बघायला जाऊ. मग मालकाचं गणित बिघडेल आणि तो निघून जाईल. हे मी हवेत बोलत नाही. महाराष्ट्रात हेच होत आलंय.

यादी बघा. महिंद्रा युनायटेड, मुंबईचा १९६२ पासूनचा संघ. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकला. २०१० मध्ये कंपनीने बंद केला. पुणे एफसी २००७ ला सुरू झाला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला. दोनच वर्षांत विक्रीला निघाला आणि संपला. भारत एफसी पुण्यातलाच, एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ ला बाहेर. मुंबई एफसी २०१७ ला खालच्या पायरीवर घसरला आणि खेळच आटोपला. एफसी पुणे सिटी हा आयएसएलचा संघ २०१९ ला बंद झाला, त्याची जागा हैदराबादला गेली. आणि ज्यांच्याकडे पैशाची काहीच कमी नाही त्या मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपनेही २०२५ च्या डिसेंबरमध्ये मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं.

एवढे संघ बंद झाले तेव्हा कुणाला विचारलं? प्रेक्षकांना? खेळाडूंना? त्या त्या शहराला? कुणालाच नाही. कारण क्लब त्यांचा नव्हताच, मालकाचा होता. दुकानदाराने शटर ओढलं तर गिऱ्हाईक काय करणार?

आता एक माणूस सांगतो, म्हणजे माझा मुद्दा नीट कळेल. अराता इझुमी. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. २००६ च्या सुमारास तो मित्सुबिशी मिझुशिमा या संघात होता. हा जपानच्या खालच्या लीगमधला संघ, मित्सुबिशीच्या मोटार कारखान्याचा. तिथून तो भारतात आला. ईस्ट बंगाल, मग आपला महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. २०१२ मध्ये त्याने जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, २०१३ मध्ये भारताकडून खेळला. पुढे नवी मुंबईतच रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत तो पोरांना शिकवायला लागला.

आता गंमत बघा. या माणसाचा महिंद्रा बंद झाला. त्याचा पुणे एफसी बंद झाला. आणि जपानमधला तो कारखान्याचा फुटकळ संघ? २००८ च्या जागतिक मंदीनंतर तिथेही पैशाची अडचण आली. २००९ च्या हंगामानंतर मित्सुबिशी मिझुशिमाने राष्ट्रीय पातळीवरच्या जेएफएल लीगमधून माघार घेतली. पण संघ विसर्जित केला नाही. खालच्या प्रादेशिक लीगमध्ये गेला आणि खेळत राहिला. प्रवास कमी, खर्च कमी, पोरं दिवसभर नोकरी करणार आणि संध्याकाळी सराव.

मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. तिथे पैसे कमी पडले तर संघ पायरी उतरतो. इथे पैसे कमी पडले तर संघ मरतो. कारण आपल्याकडे खाली उतरायला धड पायऱ्याच नाहीत.

हे मिझुशिमा काय आहे माहितीये? कुराशिकी शहरातला औद्योगिक पट्टा. पोलाद, तेलशुद्धीकरण, रसायनं, मोटारी. म्हणजे समुद्राकाठचं तळोजा एमआयडीसीच म्हणा ना. तिथे कावासाकी स्टील या पोलाद कंपनीचाही संघ होता. १९९५ ला तो कोबे शहरात गेला आणि व्हिसेल कोबे झाला. म्हणजे पुण्याचा संघ हैदराबादला गेला तसंच. पण त्याच कंपनीच्या जुन्या खेळाडूंनी १९७५ मध्ये हौसेने एक टीम काढलेली होती, रिव्हर फ्री किकर्स. हौशी माणसांची, कामावरून सुटून खेळणाऱ्यांची. या टीमवरच पुढे फागियानो ओकायामा हा क्लब उभा राहिला. एकेक पायरी चढत २०२५ मध्ये तो जपानच्या पहिल्या श्रेणीत खेळला. कामगारांच्या टीमपासून पन्नास वर्षं.

तळोज्यात किती कारखाने आहेत? त्यात संध्याकाळी सातला शिफ्ट सुटल्यावर बॉलला लाथ मारू शकणारी किती पोरं आहेत? त्यांची एक लीग नाही. मुंबईत कधीकाळी कंपन्यांच्या टीमा होत्या. मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया. त्यातून भारताला खेळाडू मिळाले. जपानमध्येही १९९२ पर्यंत कंपन्यांचीच लीग होती. फरक पुढे पडला. १९९३ ला त्यांनी दहा क्लबांची जे-लीग सुरू केली आणि नियम घातला की क्लबच्या नावात कंपनी नको, गावाचं नाव हवं, आणि प्रत्येक क्लबने आपल्या गावात रुजायचं, मुलांचे संघ चालवायचे. मित्सुबिशीचा संघ उरावा शहराचा झाला. सुमितोमो मेटलचा संघ काशिमाचा झाला. काशिमा म्हणजे पोलाद कारखान्याचं लाखभरही वस्ती नसलेलं गाव, आणि ते जपानचं कितीदा तरी चॅम्पियन झालं. आज जे-लीगच्या तीन श्रेणींत मिळून साठ क्लब आहेत. त्याच्या खाली जेएफएल, त्याखाली प्रादेशिक लीग, त्याखाली जिल्ह्यांच्या. तळातल्या संघालाही वर जायची वाट मोकळी आहे.

तिथले मालक संत आहेत असं अजिबात नाही. १९९८ मध्ये पैसे संपले म्हणून योकोहामा फ्लूगेल्स हा क्लब शहरातल्याच प्रतिस्पर्धी मारिनोसमध्ये विलीन करून टाकला. चाहत्यांनी काय केलं? मारिनोसला टाळ्या वाजवायला साफ नकार दिला. वर्गणी काढली, सभासद झाले आणि योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब काढून जेएफएलमधून सुरुवात केली. पुणे सिटी गेला तेव्हा आपण काय केलं? दोन दुःखी पोस्टी टाकल्या आणि मोबाईलवर प्रीमियर लीग लावली.

"जपान श्रीमंत देश आहे हो, आपलं काय." हा पहिला आक्षेप येणार. मग इमाबारी बघा. वस्ती दीड लाखाच्या आसपास, पनवेलच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान. टॉवेलसाठी प्रसिद्ध, म्हणजे जपानचं सोलापूर. २०१४ मध्ये जपानच्या राष्ट्रीय संघाचा माजी प्रशिक्षक ताकेशी ओकादा या गावच्या क्लबमध्ये आला. दोन विश्वचषकांत देशाचा संघ घेऊन गेलेला माणूस. क्लब तेव्हा पाचव्या पातळीवरच्या प्रादेशिक लीगमध्ये होता. २०२० ला तिसऱ्या श्रेणीत, २०२५ ला दुसऱ्या श्रेणीत. आणि त्यांनी मधल्या काळात जे स्टेडियम बांधलं ते केवढं? पाच हजार प्रेक्षकांचं. आधी क्लब, मग लोक, मग लोकांच्या मापाचं स्टेडियम. आपल्याकडे उलट. आधी काँक्रीट, मग लोक शोधायचे.

दुसरा आक्षेप, "इथे फुटबॉल कोण बघतं? हा क्रिकेटचा पट्टा." बरं, मग कोल्हापूरला जाऊन या. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ किंवा प्रॅक्टिस क्लब विरुद्ध दिलबहार असेल त्या दिवशी शाहू स्टेडियमवर उभं राहायला जागा मिळत नाही. या पेठांच्या टीमा आहेत. मालक नाही, तालीम आहे. हुल्लडबाजी होते, भांडणं होतात, सगळं खरं. पण तिथे दरवर्षी "यंदा टीम राहणार का?" असा प्रश्न कुणाला पडत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. कोल्हापूरचं दुखणं वेगळं आहे: पेठेच्या लीगमधून देशाच्या लीगपर्यंत जायला परवडणारा जिनाच नाही. म्हणजे आपल्या राज्यात एकीकडे मुळं आहेत पण जिना नाही, आणि दुसरीकडे नुसत्या गच्च्या बांधल्या जातायत.

आणि आमच्या पट्ट्यात लोकांना खेळाचं वेड नाही, हे तर बोलूच नका. आमच्या गावागावांत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. बक्षिसाला मोटरसायकल, रात्रभर लाईट, यूट्यूबवर लाईव्ह, गावकीच्या नावाने टीमा. गावाच्या नावाची टीम म्हणजे काय हे आगरी-कोळी माणसाला जपानने शिकवायची गरज नाही. आहे त्याच वेडाला वर्षभराची लीग आणि एक मैदान हवंय.

स्पर्धा आणल्या की खेळ रुजतो ही समजूतही आता सोडून द्या. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य लढत झाली. २०२२ ला आशियाई महिला स्पर्धेची फायनल झाली. त्याच वर्षी मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला हरवलं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये 'मिशन वन मिलियन' म्हणून राज्यभर एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळायला लावलं. छान फोटो आले. दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी कुठल्या लीगमध्ये नाव नोंदवायचं, हे कुणी सांगितलं का?

खरी झळ खेळाडूला बसते. २०२५ च्या जुलैत आयएसएल अनिश्चित काळासाठी थांबली आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच रोखले. देशाच्या सर्वांत वरच्या लीगची ही कथा. मग खालच्या लीगमधल्या पोराने कुणाकडे बघायचं? पनवेल-कळंबोलीतली चांगली पोरं हार्बर लाईन पकडून सव्वा-दीड तास लटकत मुंबईला खेळायला जातात. विशी गाठली की घरातून विचारणा सुरू होते, मग डिलिव्हरीची बॅग नाहीतर एअरपोर्टची नोकरी. नोकरी करू नये असं मी म्हणत नाही. जपानच्या तळातल्या लीगांतही पोरं नोकरी करूनच खेळतात. पण त्यांना नोकरीसोबत खेळता येतं. आपल्या पोरांना दोन्हीतलं एक सोडावं लागतं.

म्हणून सिडको, पनवेल महापालिका आणि इथल्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांकडे माझ्या मागण्या अशा:

१. खारघरच्या प्रकल्पातली निदान दोन मैदानं स्थानिक लीगसाठी कायमची राखून ठेवा. तारखा आणि भाडं लेखी जाहीर करा. लग्न, सभा आणि प्रदर्शनं तिथे नकोत.

२. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, जुनं पनवेल आणि आजूबाजूची गावं यांची दोन श्रेणींची लीग सुरू करा. वरून खाली, खालून वर. मुलींची लीग त्याच वर्षी, "नंतर बघू" नको.

३. तळोज्याच्या कंपन्यांना विचारा. कंपनी कायद्यातल्या सीएसआर यादीत खेळाचं प्रशिक्षण बसतं. एका दिवसाच्या मॅरेथॉनचे टी-शर्ट वाटण्याऐवजी वर्षभर एक वयोगट सांभाळा.

४. पनवेलच्या नावाने जो क्लब निघेल तो सभासदांचा असू दे. वर्गणी परवडणारी, हिशेब उघडा, आणि घटनेत एक कलम पक्कं: सभासदांच्या मतदानाशिवाय क्लब विकता, हलवता किंवा बंद करता येणार नाही.

५. बाहेरचा मालक त्याची फ्रँचायझी घेऊन आलाच, तर सरकारी जागेच्या करारात लिहून घ्या: तो निघून गेला तरी मुलांचे संघ आणि मैदान इथेच राहतील.

यातलं एकही काम स्टेडियमच्या घोषणेइतकं महाग नाही. त्यात नारळ फोडायला मोठा दगड मिळत नाही, एवढीच अडचण आहे.

ही जमीन कुणाची होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. शेतं गेली, मिठागरं गेली, नोड उभे राहिले, विमानतळ झाला. त्या जमिनीवर उद्या स्टेडियम झालं आणि आत गावातल्या पोराला सिक्युरिटीचा युनिफॉर्म घालूनच प्रवेश मिळणार असेल, तर त्या फुटबॉलचं मला कौतुक नाही.

आपापल्या नगरसेवकाला ही पोस्ट पाठवा आणि एवढंच विचारा: साहेब, पनवेलची लीग कधी सुरू होतेय? उत्तर आलं की कमेंटमध्ये टाका. नाही आलं तर तेही टाका.