पुढच्याला वळू द्या

गाडीची चारही चाके इंजिनाने फिरवली की ती ट्रॅकवर सगळ्यांत भारी पळते, असा एक समज सध्या आमच्या वडूजात साथीसारखा पसरला आहे. साथीवर निदान लस निघते. या समजावर काही निघत नाही, कारण तो पसरवणाऱ्यांपैकी एकानेही प्रत्यक्ष ट्रॅक पाहिलेला नाही. सगळ्यांनी तो मोबाईलवर पाहिला आहे, आणि मोबाईलवर कुणाचीच गाडी घसरत नाही.

या पंथाचे पुढारी म्हणजे आमचे पुतणे. नोकरी पुण्यात, घर वडूजात आणि चित्त कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर. तिथे पळवायला म्हणून त्याने चारही चाके फिरवणारी गाडी हेरली आहे. ती साध्या गाडीपेक्षा काही लाखांनी महाग आहे. हे वरचे लाख अर्थातच आमच्या थोरल्या बंधूंनी द्यायचे. बंधूंनी एकच विचारले, "गाडीला चार चाकं असतातच की रे. मग चारी फिरायचे वेगळे पैसे कशाला?" या प्रश्नाचे उत्तर पुतण्याने इंग्रजीत दिले, म्हणजे दिले नाही.

आता माझे म्हणणे ऐका. टायरची पकड भाकरीसारखी असते, ठरावीकच. वळणावर पुढचे टायर आपली भाकरी वळण्यात खातात. त्याच वेळी त्यांना "जरा ओढा पण" म्हटले, की वळायला चतकोर कमी पडतो आणि गाडी नाकासमोर चालू लागते. माणसाने नाकासमोर चालावे हे ठीक आहे; वळणावर गाडीने चालू नये. रेटायचे काम मागच्या चाकांकडे दिले म्हणजे पुढची चाके वळायला मोकळी. शिवाय एसटी गचका देऊन सुटली की उभी माणसे जशी मागच्याच्या अंगावर जातात, तसा वेग घेताना गाडीचा भार मागे रेलतो. म्हणजे ज्या चाकांना जोर लावायचा, तीच जमिनीवर अधिक दाबली जातात. ही सोय फुकट आहे. आणि चार चाकांच्या नादाने पुढचे डिफरन्शियल, शाफ्ट वगैरे 60-70 किलोचा ऐवज अंगावर घ्यायचा, तो प्रत्येक वळणाला वाहायचा, प्रत्येक ब्रेकला आवरायचा!

यावर पुतण्याने पारावर बिनतोड मुद्दा काढला. "काका, बैलाला चार पाय असतात आणि चारही पळतात." खटाव तालुक्यात हा दाखला देणे म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाची ओळख करून देण्यासारखे आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला बैल नेणारे एक म्हातारबा शेजारीच चुना मळत होते. ते म्हणाले, "म्होरल्या पायावर बैल तोलतोय, पोरा. रेटा मागल्या पायाचा." शास्त्रही हेच सांगते. धावणाऱ्या चौपायाचा अधिक भार पुढच्या पायांवर असतो आणि पुढे ढकलण्याचे काम मुख्यतः मागचे पाय करतात. आमच्याकडची शर्यत चाकोरीतून सरळ पळण्याची, तिथे वळण नाही. सरळ पट्टीवर सुटताना चार चाकांचा फायदा होतो, हे मी मानतो. पण ट्रॅकला वळणे असतात. तो मुळात त्यासाठीच बांधतात.

इतिहासही माझ्याच बाजूचा आहे. 1961 साली स्टर्लिंग मॉसने इंग्लंडमध्ये आउल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत फर्ग्युसन पी-99 या चारही चाके फिरवणाऱ्या गाडीतून जिंकली. (फर्ग्युसन म्हणजे आपला ट्रॅक्टरवालाच. चार चाकांचा सोस कुठून आला, बघा.) फॉर्म्युला वनच्या असल्या गाडीने जिंकलेली ती एकुलती एक शर्यत, आणि ट्रॅक ओला होता. 1969 साली लोटस, मात्रा, मॅकलॅरन यांनी पुन्हा तसल्या गाड्या काढून पाहिल्या. तोवर टायर रुंद झाले होते आणि गाडीला जमिनीवर दाबून धरणारे पंख आले होते. पकड त्यांनीच दिली. जादा शाफ्ट पाहुण्यासारखे नुसते बसून राहिले. पुढे 1983 पासून तर नियमानेच त्यांना दार बंद झाले.

"बंदी घातली म्हणजे भारीच असणार," इति पुतणे. बंदीने मोठेपणा ठरत असता, तर 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून 2021 च्या परवानगीपर्यंत आमचे सगळे बैल गोठ्यात बसल्या बसल्या जगज्जेते झाले असते. ऑडीने 1996 ची ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा चार चाकांवर जिंकली, हे मी नाकारत नाही. इंजिनात दांडगी ताकद असली की ती चौघांत वाटावी लागते, हेही खरे. पण पुतण्याच्या खिशाला झेपणाऱ्या इंजिनाची ताकद कोरड्या रस्त्यावर दोन चाकांनाच पुरून उरत नाही. पंगतीला दोघेच जेवणारे, पत्रावळी चार! राहिला चिखल-पाणी. खटाव तालुक्यात पावसाच्या भरवशावर गाडी घेणाऱ्याला कर्ज कोण देईल?

आपल्याच देशातला दाखला हवा तर ज्या एस. करिवर्धन यांच्या नावाने हा कोइंबतूरचा ट्रॅक आहे, त्यांचाच घ्या. मारुती 800 पुढची चाके फिरवणारी गाडी. त्यांनी तिचे इंजिन काढून फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी केली, तेव्हा ते उचलून चालवणाऱ्याच्या पाठीमागे बसवले आणि मागची चाके फिरवली. पुतणे ज्यांच्या दारात निघाले आहेत, त्यांनी हे करून ठेवले आहे.

पण माझे खरे भांडण पैशाचे नाही. मागची चाके फिरवणारी गाडी वळणावर पाय जास्त दाबला की शेपूट बाहेर काढते. चूक तिथल्या तिथे कळते, आणि ट्रॅकवर ती पोटात घालायला मोकळी जागा असते. चार चाकांची गाडी बरेच दिवस चूक झाकून घेते. पोराला वाटते, आपल्याला येऊ लागले. मग तोच पोरगा वर्धनगडच्या घाटात तसाच उतरतो. गाडी झोकात सुटते म्हणून झोकात थांबेलही, अशी त्याची समजूत. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, थांबताना कुणाला जादा चाक मिळत नाही, उलट जादा वजन मिळते. हे घाटाला ठाऊक असते. त्याला नसते.

म्हणून मी बंधूंना सांगितले आहे, वरचे लाख देऊ नका. त्यातल्या थोड्या पैशांत चांगले टायर, ब्रेकचे पॅड आणि शेजारी बसून शिकवणारा एखादा जाणकार मिळेल. एवढे सांगूनही पुतण्याने ती चार चाकांचीच घेतली, तर माझी हरकत नाही. मळ्याची वाट खराब आहे आणि कडबा घरी आणायचाच आहे.