व्होल्टेज की वोल्टिज?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. रूममेट सेमिनारची तयारी करत होती आणि मी पलंगावर लोळत मॅगी खात होते. ती म्हणाली, "इनपुट व्होल्टेज..." मी तोंडातला घासही न गिळता म्हटलं, "व्होल्टेज नाही गं, वोल्टिज." वर हसले पण! पाच मिनिटांनी परत तेच. तिसऱ्यांदा तिनं वहीच मिटली. दुसऱ्या दिवशी आमच्या जोडीतून मी एकटीच बोलले, ती मागे बसून स्लाईड्स बदलत राहिली. आता खरं सांगायचं तर सर्किट तिनं जुळवलं होतं. मी फक्त बोलले.

ती बार्शीकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मी पहिलीपासून कॉन्व्हेंट, वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड. त्यामुळे ॲक्सेंट हा प्रकार नेहमी दुसऱ्यांना असतो, अशी माझी ठाम समजूत होती.

मग आले मॉक इंटरव्ह्यू. ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ज्याचे त्याला पाठवले गेले. रात्री हेडफोन लावून ऐकलं आणि धक्काच बसला. आपला रेकॉर्ड केलेला आवाज कुणालाच आवडत नाही म्हणा, पण आवाजाचं सोडा. ही कोण बाई बोलतेय? 'व्हेरी वेल'मधले दोन्ही 'व' अगदी जुळे! इंग्रजीत पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला घासतात आणि दुसऱ्यासाठी ओठांचा चंबू होतो. माझा 'व' या दोघांच्या मधला, म्हणजे 'वरण'मधला. 'थँक यू'चा 'थ' थेट थालीपीठातला. 'टेक्नॉलॉजी'चा 'ट' तर टाळ्याला असा आपटला होता की बस. इंग्रजांची जीभ त्यासाठी वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते. आपल्याकडे ती एक तर 'त'साठी दातांवर जाते, नाहीतर 'ट'साठी मागे वळते.

एक प्रयोग करून बघा. कागदाचा कपटा ओठांसमोर धरा आणि 'पेन' म्हणा. अस्सल इंग्रजी उच्चारात कपटा फडफडतो, कारण शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'बरोबर हवेचा झोत सुटतो. आमच्या विंगमध्ये सात जणींनी करून पाहिलं. कपटा ढिम्म! त्यात तिघी कॉन्व्हेंटच्या.

नंतर वाचनात आलं की यात आपल्या हुशारीचा संबंध फार कमी. वर्कर आणि टीझ या कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला 'त' आणि 'ट' यांतला फरक ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ ओळखू येत नव्हता! म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आतच कान ठरवून टाकतो की या घरात कुठले आवाज कामाचे. माझ्या कानांनीही ते तेव्हाच ठरवलं असणार. फी भरून ॲडमिशन मिळायला अजून चार वर्षं होती.

रूममेटनं सूड घेतला तो वेगळाच. एकदा मी मेसमध्ये पेपर मोठ्यानं वाचत होते, "चारा छावण्या..." ती पाणी पिता पिता ठसकली. मी 'चारा'चा 'च' 'चार'सारखा म्हटला होता! तो 'चमचा'तला 'च' हवा. आमच्या फ्लॅटमध्ये चाऱ्याचा विषय कशाला निघतोय? शब्द मी फक्त छापलेला पाहिलेला. मग कळलं की लिहिताना एकच अक्षर, पण 'माझा'तला 'झ' वेगळा आणि 'माझी'तला वेगळा. जन्मभर बरोबर म्हणत आले, पण कधी लक्षच गेलं नव्हतं. तर सांगायचं म्हणजे माझ्या इंग्रजीत मराठी आहे आणि मराठीत कॉन्व्हेंट आहे. असो.

शाळेत बायबलची एक गोष्ट ऐकली होती. लढाईनंतर गिलादी लोकांनी यार्देन नदीचा उतार अडवला. पळून येणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावायचे. एफ्राईमी माणसाला 'श' जमायचा नाही, तो 'सिब्बोलेथ' म्हणायचा आणि मारला जायचा. ४२ हजार माणसं गेली असं तिथं लिहिलंय. तेव्हा वाटलं, किती रानटी लोक! पण आपल्याकडे 'पाणी' की 'पानी' यावरून माणूस कुठला, कुणाचा, हे दोन सेकंदांत ठरवतात आणि पुढचं ऐकायचं की नाही तेही. मी 'वोल्टिज' म्हणून वेगळं काय केलं?

कुणी म्हणेल, नोकरी हवी तर उच्चार सुधारायलाच हवेत. २००० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत ॲक्सेंट घालवायचे क्लास चालायचे. आता तर फोन चालू असतानाच ॲक्सेंट बदलणारं सॉफ्टवेअर निघालंय. पोटासाठी शिकायला माझी ना नाही. पण समोरच्याला कळणं आणि समोरच्यासारखं वाटणं या दोन गोष्टी आहेत. आमच्या मॉकच्या शीटवर 'प्रोनन्सिएशन'ला दहा मार्क होते. मला आठ, तिला चार. 'व्होल्टेज' कुणाला कळलं नाही? सगळ्यांना कळलं. उलट इंग्रजीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा हे चुकलं, तर परका माणूस खरोखर गोंधळू शकतो. आणि तिथे आम्ही दोघीही नापास! 'इंजिनिअर' हा शब्दच घ्या. डिक्शनरीत जोर शेवटच्या भागावर दाखवलाय, आपण सगळे पहिल्यावर देतो. चार वर्षं घासून मिळणारं नाव, पण ते कसं म्हणायचं हे त्या शीटवर कुणी लिहिलं नाही. माझी प्लेसमेंट सेलला विनंती आहे की ते दहा मार्क 'बोललेलं कळलं का' यासाठी ठेवा.

रूममेटला सॉरी म्हणायला मला तीन आठवडे लागले. ती म्हणाली, "जाऊ दे, मला झोप आलीय."

या महिन्यात पुन्हा सेमिनार आहे. बोर्डसमोर ती उभी राहणार. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर हो म्हणालीये. स्लाईड्स मी बदलणार आहे.