विश्लेषण : रोज चालता, मग वजन कशाला उचलायचे?

‘रोज पाऊण तास चालते, आणखी व्यायाम कशाला?’ पन्नाशीपुढच्या अनेकींचा हा प्रश्न. चालणे हृदयासाठी उत्तमच. पण घटणारे स्नायू आणि ठिसूळ होणारी हाडे सावरायला तेवढे पुरत नाही.

वजनकाटा काय लपवतो?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्या शरीरातही चरबी जास्त असू शकते. नुसते जेवण तोडून वजन घटवले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. वजने, रबरी पट्टे किंवा स्वतःच्याच शरीराचा भार वापरून केलेला प्रतिकार व्यायाम, पुरेशा प्रथिनांसह, ते टिकवतो.

हाडांत काय घडते?

हाड सतत झिजते आणि नव्याने बनते. स्नायूंनी जोर लावला की त्याचा ताण हाडातील पेशींना कळतो आणि त्या जागी बांधणी वाढते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने झिजेचे पारडे जड होते.

पुरावा काय?

ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ प्रयोगात हाडांची घनता कमी असलेल्या, रजोनिवृत्त १०१ महिला होत्या. प्रशिक्षकांच्या देखरेखीत आठवड्यातून दोनदा, अर्धा तास जड वजने उचलणाऱ्या गटात आठ महिन्यांनी कमरेच्या मणक्याची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्के घटली.

मग अडते कुठे?

आपल्याकडे बाईला ‘जड उचलू नकोस’ असे सांगण्यातच काळजी मानली जाते. पाण्याची कळशी मात्र तिनेच उचलायची! खरे तर ‘कसे उचलायचे ते शीक’ हा सल्ला हवा. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. मणक्याचे फ्रॅक्चर, अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. इतरांनी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करण्यापासून सुरुवात करावी आणि भार हळूहळू वाढवावा.

पालिकांनी बागांत व्यायामाची यंत्रे बसवली, पण शिकवणारे नेमले नाहीत, तर काम अर्धेच राहते. खुब्याच्या एका फ्रॅक्चरने अख्खे घर अडते. त्यापुढे प्रशिक्षकाचा पगार महाग नाही.