आखूड की लांब : रायफलीच्या सायलेन्सरचा वाद

रायफलीतून गोळी सुटते तेव्हा तीन वेगवेगळे आवाज होतात. नळीच्या तोंडातून दाबाखालचा तप्त वायू एकदम बाहेर फुटतो, तो पहिला. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने हवा चिरत गेली तर उठणारा कडाका हा दुसरा, आणि बोल्ट मागेपुढे झाल्याचा धातूचा खटका हा तिसरा. सायलेन्सरचा संबंध फक्त पहिल्याशी. नळीच्या तोंडावर बसवलेल्या नळकांड्यात एकामागे एक पडदे असतात. त्यांत वायू अडतो, घुमतो, निवतो आणि दाब ओसरल्यावर बाहेर पडतो. हायरम पर्सी मॅक्सिमला अमेरिकेत १९०९ मध्ये याचे पेटंट मिळाले. मशीनगनचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हा त्याचा बाप. बापाच्या शोधाने लोकांचे कान बसवले, मुलाने ते वाचवण्याचा धंदा काढला.

आज रायफलीसाठी ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात : १० ते १३ सेंटीमीटरचा आखूड आणि १८ ते २३ सेंटीमीटरचा पूर्ण लांबीचा. पहिल्याचे वजन साधारण ३०० ग्रॅमच्या आसपास, दुसऱ्याचे अर्ध्या किलोपर्यंत जाते.

खानदेशात हा वाद सामान्य परवानाधारकाचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत आवाज किंवा ज्वाला कमी करणारी उपकरणे प्रतिबंधित शस्त्रांच्याच पहिल्या वर्गात मोडतात. पिकात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी बंदुकीचा परवाना काढलेल्या शेतकऱ्याला सायलेन्सर बाजारात जाऊन घेता येत नाही. तेव्हा निवडीचा प्रश्न येतो तो सैन्याला, पोलिसांना आणि धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक ६ सारख्या दलांना. खानदेशातल्याच वरणगावच्या आयुध निर्माणीत ५.५६ मिलिमीटरची काडतुसे बनतात. सायलेन्सर कोणता, हे ठरवण्याआधी काडतूस कोणते, हे विचारावे लागते.

आखूड सायलेन्सरवाल्यांचा पूर्वपक्ष असा : सुपरसॉनिक काडतुसाचा कडाका कोणताच सायलेन्सर थांबवू शकत नाही, मग लांब नळकांडे वाहायचे कशाला? यातले पहिले विधान खरे आहे. ५.५६ ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते, ध्वनीच्या अडीचपटीहून अधिक. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कडाका गोळीच्या वाटेवर उठतो आणि त्या वाटेजवळ असलेल्याला तो सर्वांत तीव्र ऐकू येतो. तो ऐकून गोळी नेमकी कुठून आली हे सांगणे अवघड जाते. जागा उघडी पाडतो तो नळीच्या तोंडचा स्फोट. गोळी झाडणाऱ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या जवानाच्या कानावर आदळतो तोही स्फोटच. म्हणजे जो आवाज कमी करता येतो, त्यानेच होणारे नुकसान सर्वांत मोठे.

कडाका टाळायचा तर ध्वनीपेक्षा मंद गोळी हवी, आणि इथे खानदेशची हवा मध्ये येते. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. धुळ्यात पौषातल्या पहाटे पारा १० अंशांवर असताना तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो. जळगाव-भुसावळला वैशाखात ४५ अंशांवर सुमारे ३५८. सेकंदाला ३४५ मीटर वेगाची तीच गोळी हिवाळ्यात कडाडेल आणि उन्हाळ्यात गप्प जाईल. उन्हात तापलेली दारू गोळीला थोडा जादा वेग देते, त्यामुळे हा फायदा काहीसा घटतो. शिवाय वेग इतका उतरवला की ५.५६ च्या हलक्या गोळीत फारसा दम उरत नाही, आणि नेहमीच्या काडतुसासाठी जुळवलेली गॅसवर चालणारी रायफल पुढचे काडतूस भरेलच याची खात्री राहत नाही. वरणगावच्या नेहमीच्या काडतुसाला हा मार्ग बंदच समजावा.

दुसरा आक्षेप जास्त धूर्त आहे : जवान कानात बोळे घालतोच, मग आखूड सायलेन्सरने मिळणारी घट पुरे. सायलेन्सरविना ५.५६ चा नळीच्या तोंडाजवळचा आवाज १६० ते १६५ डेसिबलच्या घरात असतो. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. चांगला लांब सायलेन्सर सुमारे ३० डेसिबल कमी करून रेषेच्या खाली नेतो. आखूड सायलेन्सर साधारण २० ते २५ कमी करून रेषेच्या आसपास किंवा तिच्याही वर सोडतो. दहा डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. बोळ्यांचा भरवसा सरावाच्या रेंजवर धरता येतो. सातपुड्याच्या जंगलात शोधमोहिमेवर असलेला जवान कान बंद करून चालत नाही. शिवाय कवटीच्या हाडांतून आत जाणारा आवाज बोळ्यांनी अडत नाही.

तिसरा मुद्दा लांबीचा. ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल सुमारे ९६ सेंटीमीटर, तिची नळी ४६४ मिलिमीटर. तिला २० सेंटीमीटर जोडले तर एकूण लांबी ११६ होते, १२ जोडले तर १०८. मीटरभराच्या हत्यारात या आठ सेंटीमीटरसाठी भांडणे हास्यास्पद आहे. कार्बाइनवर लांबीचा मुद्दा जास्त जोरात मांडला जातो, पण तिथेच तो उलटतो. नळी जितकी आखूड, तितकी दारू पुरती जळण्याआधी गोळी बाहेर पडते आणि तोंडाशी वायूचा दाब जास्त राहतो. त्या दाबाला आखूड नळकांड्यात जागाच मिळत नाही. पहिल्याच पडद्यावर मारा बसून तो लवकर झिजतो. आखूड नळीवर आखूड सायलेन्सर म्हणजे दोन्हीकडून तोटा.

लांब सायलेन्सरचे दोषही झाकू नयेत. नळीच्या टोकाचे वजन तोल बिघडवते, गोळी लागण्याची जागा थोडी सरकते, म्हणून रायफल सायलेन्सर लावूनच झिरो करावी लागते. आत हवा जास्त मावते, त्यामुळे पहिल्या गोळीला आतल्या ऑक्सिजनमुळे जरा मोठा आवाज येतो. मागे उलटणारा वायू डोळ्यांत जातो. गॅस रेग्युलेटर असलेल्या रायफलीत तो काही अंशी आवरता येतो. लागोपाठ गोळीबारात नळकांडे तापून दुर्बिणीसमोर हवा थरथरते, आणि खानदेशच्या उन्हात ते निवायला वेळ लागतो. हा शेवटचा दोष मात्र आखूड सायलेन्सरमध्येही आहे. उलट कमी धातूमुळे तो आणखी लवकर तापतो.

तरीही आखूड सायलेन्सरची हक्काची जागा आहे. गाडीतून उतरताना, घराच्या बोळात, जिन्यावर सात-आठ सेंटीमीटर खरोखर नडतात. तिथे लढणाऱ्या छोट्या तुकडीने तो घ्यावा, तोही बोळे किंवा इलेक्ट्रॉनिक हेडसेटसकट. ९ मिलिमीटर कार्बाइनसाठी किंवा मुद्दाम मंद, जड गोळीसाठी बनवलेल्या काडतुसांसाठी तो सहज पुरतो, कारण तिथे दारू थोडी आणि वायूही थोडा. राखीव दलाच्या ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफलींसाठी मात्र पूर्ण लांबीचाच घ्यावा, आणि आखूड सायलेन्सरची मागणी आली तर ती कोणत्या तुकडीसाठी, कोणत्या नळीच्या लांबीसाठी आहे हे आधी लिहून मागावे.