पारख : वापरलेल्या कॅमेऱ्याचे शटर

दुकानातील साड्यांची वा दागिन्यांची छायाचित्रे घरच्या घरी काढावीत, या हेतूने वापरलेला कॅमेरा घेण्याचा विचार अलीकडे अनेक व्यापारी घरांतून होतो. विक्रेता ठासून सांगतो, ‘मिररलेस आहे, आरसाच नाही, झिजणार काय?’ हे विधान अर्धेच खरे आहे.

डीएसएलआरमध्ये प्रत्येक छायाचित्राला आरसा वर उचलला जातो, शटरचा पहिला पडदा सरकतो, मागोमाग दुसरा येऊन प्रकाश अडवतो आणि आरसा खाली येतो. मिररलेसमध्ये दृश्य सतत दिसावे म्हणून शटर एरवी उघडेच असते. पूर्ण यांत्रिक पद्धतीत बटण दाबताच ते आधी मिटते, उघडते, पुन्हा मिटते आणि पुढच्या दृश्यासाठी पुन्हा उघडते. आरशाची झीज टळली, पण पात्यांची धावपळ वाढली. पहिल्या पडद्याचे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीवर सोपवले, तर ती पुष्कळ कमी होते.

निकॉन डी८५० व सोनी ए७ थ्री यांची शटरे २,००,००० छायाचित्रांपर्यंत तपासलेली आहेत. कॅनन ईओएस आर५ चे ५,००,०००. ही हमी नव्हे, चाचणीचा आकडा आहे. शटर त्याआधीही जाते, नंतरही चालते.

खरा प्रश्न कॅमेरा कोणाच्या हाती होता, हा आहे. वर्षाला ४० लग्ने आणि प्रत्येकी ३,००० छायाचित्रे धरली, तर दोन लाखांचा पल्ला वीस महिन्यांत संपतो. दुकानात रोज ५० छायाचित्रे काढणाऱ्याला त्यासाठी सुमारे अकरा वर्षे लागतील. तेव्हा वरून चकचकीत दिसणारा लग्नवाल्याचा कॅमेरा स्वस्तात मिळाला, तरी सौदा महागच पडू शकतो.

पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये काहीच हलत नाही. निकॉन झेड९ मध्ये (२०२१) यांत्रिक शटरच नाही. आवाज नसल्याने मंदिरातील पूजनप्रसंगी ही सोय मोलाची ठरते. मात्र सर्वसाधारण कॅमेऱ्यात काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटतात, आणि दुकानात तर तेच दिवे असतात. तेथे यांत्रिक शटरच बरे.

निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्येच शटरची मोजणी नोंदलेली असते. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ती तशी मिळत नाही. पैसे मोजण्यापूर्वी यांत्रिक शटर लावून, सर्वाधिक वेगाने, दिवसाच्या उजेडातील पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे. एका कडेला काळसर पट्टी दिसली, तर पडद्यांची चाल बिघडलेली असण्याचा संभव मोठा. ईओएस आर५ सारख्या कॅमेऱ्यांत बंद केल्यावर शटर मिटून सेन्सर झाकता येतो. अशा वेळी लेन्स काढली असता त्या नाजूक पात्यांना बोट लागू देऊ नये.