शिडाच्या नौकेवरील विजेचा जमाखर्च

जळगाव-धुळ्याच्या वाचकांपुढे शिडाच्या नौकेवरील विजेचा विषय मांडणे कित्येकांस चमत्कारिक वाटेल, कारण आमची तापी समुद्रास मिळते तीही गुजरातेत. तथापि विजेच्या बाबतीत खानदेशास जे शिकावयाचे आहे, ते दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांपेक्षा अशा नौकेवर अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे.

कमांडर दिलीप दोंदे हे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले व मे २०१० मध्ये शिडाच्या नौकेने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून परतले. त्यांची छप्पन्न फुटी 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात घडली. अशी नौका वाऱ्यावर चालते खरी, परंतु दिवे, रडार, संदेशयंत्रे आणि एकाकी दर्यावर्दी झोपला असता सुकाणू सांभाळणारे यंत्र यांस वीज लागतेच, आणि इंजिनासाठी डिझेलची बेगमी मोजकी असते. म्हणून दूरच्या सफरींवर निघणाऱ्या नौकांवर सौरपट्ट्या, छोटी पवनचक्की व पाण्यात सोडलेला, नौकेच्या गतीने फिरणारा पंखा यांची तजवीज करतात. पण यांपैकी एकही विश्वासाचा चाकर नव्हे. दक्षिण महासागरात आभाळ दाटलेले असते आणि अन्यत्र शिडाची सावली पट्टीच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न बरेच घटते. वारा पाठीमागून असला की नौका त्याच्याच दिशेने धावत असल्यामुळे चक्कीस लाभणारा वेग उतरतो, आणि तो निम्मा झाला की शक्ती अष्टमांश उरते. पाण्यातील पंखा नेमका त्याच वेळी फळास येतो, मात्र नांगर टाकताच तो निरुपयोगी! शिवाय शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरविली तर तिचे आयुष्य घटते. सबब जाणता दर्यावर्दी प्रथम खर्चाचे खाते पाहतो, शिल्लक उतरली की एकेक यंत्र बंद करतो आणि सुकाणू वाऱ्याच्या दिशेवर चालणाऱ्या, विजेची गरज नसलेल्या उपकरणाच्या स्वाधीन करतो. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत विद्युत्‌-सुकाणूस मुळी मनाईच आहे, तीत २०२३ मध्ये भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी दुसरे आले.

हाच जमाखर्च खानदेशास लावून पाहू. आमच्याकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ पासून १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे; इतके असूनही गव्हा-हरभऱ्यास बारे देण्यासाठी शेतकऱ्यास आळीपाळीच्या वेळापत्रकानुसार मध्यरात्री, सापकिरडाच्या भयात, शेतावर जावे लागते. सूर्य माध्यान्ही देतो आणि आम्ही रात्री मागतो, हा हिशेबाचा दोष आहे. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीस दिवसा सौरवीज देऊन तो दुरुस्त करू पाहते, ही समाधानाची गोष्ट. परंतु तिचे यश किती मेगावॉट उभारले यावर न मोजता कोणत्या गावाच्या वाहिनीस दिवसा किती तास वीज मिळाली, यावर मोजावे आणि तो तक्ता दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. दुपारी उपसून शेततळ्यात साठविलेले पाणी हीच आमची बॅटरी होय. मात्र यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजल आधीच फार खोल गेले असल्याने, फुकटच्या उन्हावर चालणारा पंप विहिरीचा तळ गाठावयास विलंब लावणार नाही. म्हणून सौरपंप मंजूर करतानाच विहिरीच्या पाणीपातळीची नोंद सक्तीची करावी, आणि पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की उपसा थांबविण्याचा अधिकार गावाच्याच पाणीसमितीकडे द्यावा.