पान्हा कोणाच्या हातात?



दुचाकी चालवणाऱ्या बाईकडे आता कोणी वळून पाहत नाही. १९७२ साली लुना बाजारात आली, पुढे स्कूटी आली, आणि शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बायका, कॉलेजच्या मुली रस्त्यावर दिसू लागल्या. हे काही सहज मिळालेलं नाही. घरोघरी वाद घालून, 'पडशील', 'लोक काय म्हणतील' हे सगळं ऐकून बायकांनी ते मिळवलं. पण हीच गाडी रस्त्यात बंद पडली की काय होतं? आपण ती कडेला घेतो आणि कोणी पुरुष येतो का याची वाट पाहतो. हँडल आपल्या हातात आलं, पान्हा आला नाही. म्हणजे आपलं स्वातंत्र्य प्लगच्या एका ठिणगीवर उभं आहे आणि ती ठिणगी गेली तर काय करायचं हे आपल्याला कोणी सांगितलेलं नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही, असं माझं म्हणणं आहे.

कायद्याने दुचाकीवरच्या बाईला कुठे बसवलं आहे ते पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३वा नियम सांगतो की मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्म्यापर्यंत झाकणारी जाळी हवी. आपण तिला साडी-गार्ड म्हणतो. नियम चांगलाच आहे, त्याने अनेकींचे जीव वाचले असतील. पण मोटरसायकलवरची बाई म्हटलं की समाजाच्या डोळ्यांपुढे हीच येते, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली. पदराची काळजी घेतली गेली, हातांना काम मात्र दिलं गेलं नाही.

आता दुसरं चित्र. नवरा गेला. अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये त्याची जुनी बुलेट उभी आहे. पहिले काही महिने तिच्याकडे कोणी पाहत नाही. मग दीर म्हणतो, 'मी वापरतो.' नाहीतर भंगारवाला दाराशी येतो. गाडी चालू होत नाही, म्हणून तिची किंमत शून्य ठरते. 'तिला काय करायचीय मोटरसायकल' हे वाक्य सगळेच म्हणतात, बहुतेक वेळा ती स्वतःसुद्धा. जमिनीच्या आणि घराच्या हक्काबद्दल आपण शिबिरांतून बोलतो, गाडीबद्दल बोलत नाही. खरं तर मालक वारल्यावर वाहन वारसाच्या नावावर करण्याची तरतूद याच नियमांत आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत ३१ क्रमांकाच्या फॉर्मवर अर्ज करायचा. नोंदणीला १५ वर्षं होऊन गेली असतील तर गाडी तपासून नूतनीकरण करून घ्यावं लागतं. पण या तपासणीसाठी गाडी आधी चालू व्हायला हवी. हक्काचा कागद आणि दुरुस्तीची विद्या अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

मग ही विद्या इतकी अवघड आहे का? जुन्या, कास्ट आयर्न इंजिनाच्या, पॉइंटवाल्या बुलेटचंच उदाहरण घेऊ. बॅटरीतून वीज चावीच्या स्विचमध्ये येते, तिथून कॉइलमध्ये आणि कॉइलमधून पॉइंटमध्ये. पॉइंट म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे दोन छोटे ठिपके. ते टेकलेले असतात तोवर कॉइलमधून वीज वाहते. इंजिन फिरताना ते एकदम उघडतात, वीज तुटते आणि त्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. पॉइंट उघडताना ते स्वतःच जळू नयेत आणि वीज झटकन तुटावी म्हणून शेजारी कंडेन्सर नावाची बोटाएवढी डबी बसवलेली असते. एवढाच सगळा संसार.

गाडी चालू होत नसेल तर पहिली तपासणी अशी. प्लग काढा, त्याच्या टोपीत परत घाला आणि प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या डोक्याला टेकवून ठेवा. हातात धरू नका, झटका बसतो. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग भोकापासून लांब टेकवा. मग चावी लावून किक मारा. निळी, कडकडीत ठिणगी दिसली तर वायरिंगला दोष देऊ नका, पेट्रोलकडे पाहा. ठिणगी पिवळट, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर पुढे जा.

बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअर मीटर असतो, तो तुमच्याशी बोलतो. चावी लावून किक हळूहळू खाली दाबा. पॉइंट टेकतील तेव्हा काटा उण्याकडे सरकला पाहिजे, उघडतील तेव्हा मध्यावर परतला पाहिजे. काटा हललाच नाही, तर वीज पॉइंटपर्यंत पोहोचत नाही: एखादी वायर तुटली आहे किंवा पॉइंट काजळले आहेत. काटा उण्याकडेच चिकटून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. असं पाहून होताच चावी बंद करा, नाहीतर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, स्वच्छ फडक्याने पुसा आणि पूर्ण उघडलेल्या अवस्थेत त्यांच्यातलं अंतर फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. पॉइंट पुन्हापुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला.

वायर कुठे तुटते? जिथे ती रोज वाकते, म्हणजे हँडलच्या मानेजवळ. जिथे ती घासते, म्हणजे टाकीखाली चासीला लागून. आणि जिथे ती तापते, म्हणजे इंजिनाजवळ. उभ्या गाडीच्या वायरी उंदीरही कुरतडतात. बॅटरी सोडवा, खराब तुकडा कापून टाका, तेवढ्याच जाडीची वायर जोडा, डाक द्या, वर स्लीव्ह चढवा आणि वायर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधा. फ्यूज उडाला तर त्या जागी चांदी किंवा जाड तार गुंडाळू नका. आज गाडी चालेल, उद्या वायरिंग पेटेल.

यातलं काय आपल्या हाताला परकं आहे? स्टोव्हच्या बर्नरमध्ये पिन घालून कचरा काढणारी बाई, कुकरची रिंग आणि शिलाई मशीनचा ताण जमवणारी बाई, घरगुती धंद्यासाठी घरघंटी चालवणारी बाई हे सगळं रोज करते. पण स्वयंपाकघरातली यंत्रं दुरुस्त केली तर ते 'घरकाम', आणि रस्त्यावरचं यंत्र दुरुस्त केलं तर ते 'कौशल्य'. कौशल्याला पैसे मिळतात, घरकामाला मिळत नाहीत. श्रमविभागणी ती हीच.

आणि इतिहासही आपल्या बाजूने आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बेर्था बेन्झ ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, सुमारे १०० किलोमीटर. मोटारीतला हा पहिला लांबचा प्रवास. नवऱ्याच्या त्या धंद्यात तिच्या हुंड्याचे पैसे गुंतले होते. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली आणि ठिणगीची वायर उघडी पडली तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला, असं सांगतात. इंग्लंडमध्ये बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईने १९३४ साली ब्रुकलंड्सच्या मैदानात नॉर्टन मोटरसायकलवर ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने फेरी मारली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या इंजिनातला एक गंभीर दोष तिनेच दूर केला. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून दलित आणि गरीब बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पंप खोलता येऊ लागल्यावर त्यांनीच मागणी केली की आता आम्हाला लिहायला-वाचायला शिकवा. हत्यार हातात आलं की माणूस पुढचं मागायला लागतं.

आता सायलेन्सरकडे येऊ, कारण इथे प्रश्न नुसता यंत्राचा राहत नाही. इंजिनात पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी रोज थोडीच फिरली तर हे पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून गंजतो. बेंड पाइप इंजिनाच्या डोक्यात जिथे बसतो तिथे काळे डाग दिसले, फटफट आवाज आला, की समजावं सांधा सुटला आहे. काम इंजिन थंड असतानाच करावं. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं, जोर लावून स्टड तोडू नये. बसवताना सगळे नट आधी सैल लावावेत, पाइप डोक्यात नीट बसवावा आणि मगच एकेक आवळावा, नाहीतर पाइप ताणात राहून चिरतो. भोक वेल्डिंगने बुजवायचं तर सायलेन्सर गाडीवरून काढून न्यावा. जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं खरवडू नये, फुंकू नये, ओलं करून काढावं. आणि बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

हेच दोन भाग, ठिणगी आणि सायलेन्सर, रस्त्यावर आपल्याविरुद्ध वापरले जातात. कॉलेजच्या फाटकासमोर, मुलींच्या घोळक्याजवळ बुलेट आणून 'फटाके' फोडणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ते करतात काय? धावत्या गाडीची ठिणगी क्षणभर बंद करतात. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे स्फोट होतो. आतली जाळी काढून टाकलेली असते, म्हणून आवाज बंदुकीसारखा येतो. मुली दचकतात आणि पोरं हसतात. याला 'पोरांची मस्ती' म्हणतात. महाराष्ट्रात पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावरून रोलर फिरवले आहेत, ते ध्वनिप्रदूषण म्हणून. आपण त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली पाहिजे: ही छेडछाड आहे. आणि तक्रार करताना 'मोठा आवाज येतो' एवढंच न म्हणता 'सायलेन्सर बदललेला आहे, आतली जाळी काढली आहे' असं नेमकं सांगता आलं, तर पोलीस चौकीतला माणूस आपल्याला 'ताई, दुर्लक्ष करा' म्हणून परत पाठवायला जरा कचरेल. यंत्र कळण्याचा हाही एक उपयोग.

काही मैत्रिणी विचारतील: घर, मुलं, नोकरी, संघटना, आणि आता गाडीची दुरुस्तीही आम्हीच करायची? आक्षेप रास्त आहे. प्रत्येकीने हात काळे करावेत असं माझं म्हणणं नाही. पण मिस्त्रीकडे जाणं आणि मिस्त्रीवर अवलंबून असणं यात फरक आहे. नुसते पॉइंट काजळलेले असताना 'कॉइल गेली' म्हणून नवी कॉइल गळ्यात मारली जाते, आणि ती बहुतेकदा बाईच्या गळ्यात मारली जाते, कारण ती विचारणार नाही याची खात्री असते. 'जुना पार्ट परत द्या, आणि ठिणगी माझ्यासमोर दाखवा' एवढं म्हणता आलं तरी व्यवहार बदलतो. यात प्रामाणिक मिस्त्रीच्या पोटावर पाय येत नाही. जाणत्या गिऱ्हाइकाला तो उलट आवडीने शिकवतो.

दुसरा आक्षेप: हे जुनं तंत्र शिकून काय उपयोग? एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या, त्यांत पॉइंट नाहीत, सेन्सर आहेत. खरं आहे. पण ठिणगी, वायर, फ्यूज, अर्थिंग आणि सायलेन्सरचा सांधा तिथेही आहेत. शिवाय जुनी गाडी ही उघड्या पुस्तकासारखी असते. जे घडतं ते डोळ्यांना दिसतं, म्हणून शिकायला तीच बरी. आणि आपल्या बायकांच्या वाट्याला नवी गाडी येते कुठे? येते ती भावाची, नवऱ्याची, संस्थेची जुनीच.

तेव्हा एक सूचना. आपल्या प्रत्येक गटाने वर्षातला एक रविवार यासाठी ठेवावा. एक जुनी गाडी, पान्ह्यांचा एक संच, फिलर गेज, टेस्ट लॅम्प, टेप आणि शिकवायला तयार असलेला एखादा मिस्त्री किंवा आयटीआयची मुलगी, एवढं पुरे. बारा-पंधरा जणींनी प्रत्येकी एकदा तरी प्लग स्वतः काढावा, ठिणगी पाहावी, पॉइंट घासावेत. नुसतं पाहून घरी जायचं नाही. त्याच दिवशी ३१ नंबरचा फॉर्म आणून भरून दाखवावा आणि गावातल्या कोणत्या विधवा बाईच्या दारात गाडी उभी आहे याची यादी करावी. आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा ट्रेड मुलींना बंद नाही. दहावी झालेल्या आपल्या मुलींना शिवणकाम आणि ब्युटी पार्लरच्या जोडीने त्याचीही माहिती द्यावी, आणि कार्यशाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का हे गटाने जाऊन पाहावं. बहुतेक मुली गळतात त्या ग्रीसला घाबरून नाही, या कारणाने.

साक्षरतेच्या चळवळीत, १९९० नंतरच्या वर्षांत, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या, आणि त्यांचं बाजाराला, दवाखान्याला, सभेला जाणं घरच्या पुरुषाच्या सवडीवर राहिलं नाही. आपण आता त्याच्या पुढचं पाऊल टाकू. गाडी चालवायला शिकलो, बंद पडलेली गाडी चालू करायलाही शिकू.